फुंकणी पुसायची नसते

काचेच्या त्या कारखान्यात भट्टीच्या एका तोंडाशी तीन माणसे काम करत. थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि चिमटा. चिमट्याला आईबापांनी काहीतरी बरे नाव ठेवले असणार. पण तयार झालेली गरम बरणी चिमट्यात धरायची आणि निवायच्या भट्टीत नेऊन ठेवायची, यात त्याची उभी हयात गेली होती. आता घरचे लोकही त्याला चिमटाच म्हणत.

मोठी बरणी एका माणसाच्या दमात होत नाही. थोरला लांब लोखंडी फुंकणीचे टोक भट्टीतल्या कुंडीत बुडवायचा, वितळलेल्या काचेचा गोळा उचलायचा, लोखंडी पाटावर फिरवून सारखा करायचा आणि पहिली फुंकर मारायचा. गोळ्याच्या पोटात हवा शिरली की फुंकणी तशीच धाकट्याच्या हातात जायची. धाकटा बाकावर बसून गोळा साच्यात सोडायचा आणि दुसरी, लांब फुंकर मारून बरणी पुरी करायचा. एका तोंडातली फुंकणी दुसऱ्या तोंडात. मध्ये ती पुसायची नाही. बापाने घालून दिलेली शिस्त होती ती. बाप म्हणायचा, पुसत बसाल तेवढ्यात काच मरेल. मरते म्हणजे थंड पडते, मग छाती फुटेपर्यंत फुंकली तरी फुगत नाही. पण खरे कारण वेगळे होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. दुसऱ्याच्या तोंडची फुंकणी जो पुसतो तो त्याला सरळ सांगत असतो, की मला तुझी किळस येते. अशा पुसण्यावरून कारखान्यात पूर्वी हाणामाऱ्या झाल्या होत्या. सख्खे व्याही एकमेकांच्या दारात जायचे बंद झाले होते.

दुसरा एक नियम मालकांचा होता. ज्याच्या तोंडात जखम असेल, रक्त येत असेल, त्याने फुंकणीला तोंड लावायचे नाही. बापाच्या काळात एकाच्या तोंडून सगळ्या भट्टीला आजार लागला होता, तेव्हापासूनचा हा नियम. तो भिंतीवर रंगवलेला होता, पण धुराने अक्षरे काळी पडली होती आणि कुणी तिकडे बघतही नसे.

थंडी पडायला लागली त्या सुमारास मालकांनी थोरल्याला आपल्या खोलीत बोलावून घेतले. खुर्ची दिली. तिथेच थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली, कारण त्या खोलीत कारागिराला खुर्ची कधी मिळत नसे. मालक आडवळणाने बोलणारे नव्हते. यंत्राच्या बरण्या आल्या आहेत, हातची बरणी मागणारे कमी झाले आहेत, तिघांचे काम आता दोघांनी करायचे आहे, असे ते म्हणाले. थोरला तर लागणारच. काचेचा गोळा त्याच्यासारखा उचलणारा दुसरा कुणी नव्हता.

"उरलेल्या दोघांतला कोण ठेवायचा ते तू सांग," मालक म्हणाले. "मी बोट दाखवलं तर पोटावर पाय दिला म्हणतील. तुझं दोघंही ऐकतील."

थोरल्याने हात जोडले. एवढे मला सांगू नका, म्हणाला. मालक म्हणाले, मग भट्टीचे हे तोंडच बंद करू, तिघेही घरी बसा. वितळलेली काच ज्या मातीच्या कुंडीत असते ती जुनी झाली होती, हिवाळा सरता सरता नवी बसवायची होती. तोवरचा वेळ त्यांनी थोरल्याला दिला. आणि तोवर बाहेर शब्द काढायचा नाही, हेही सांगितले.

आता थोरल्याने करावे तरी काय? धाकटा म्हणजे त्याच्या हातावर वाढलेले पोर. बाप गेला तेव्हा धाकट्याला नीट फुंकरही मारता येत नव्हती. गाल फुगवायचा आणि लालबुंद व्हायचा. थोरल्याने त्याला श्वास पोटातून कसा आणायचा ते शिकवले. आणि चिमटा? थोरल्याच्या बाहीने एकदा पेट घेतला, तेव्हा चिमट्याने इकडे तिकडे न बघता ती नुसत्या हातांनी विझवली होती. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे अजून वाकडी होती. शिवाय त्याची मुलगी अंथरुणाला खिळलेली. त्या घरात सगळे डोळे त्याच्याच वाटेकडे.

मनातल्या मनात थोरला रोज एकाचे नाव घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत खोडून टाकायचा. कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. बायकोने विचारले तर म्हणायचा, कुठं काय. भाकरतुकडा पोटात जात होता, अंगाला लागत नव्हता. अंथरुणावर पडायचा, पण डोळ्याला डोळा लागत नसे. आणि लागला, की बायकोची झोप उडायची.

"अहो, झोपेत दात खाता तुम्ही," एका सकाळी ती म्हणाली. "जात्यावर बसल्यासारखा आवाज येतो. एवढे दात खाताय ते कुणावर?"

तो हसला. हसताना तिला त्याच्या हिरड्या दिसल्या. पिकल्यासारख्या लाल झाल्या होत्या.

तसे त्याच्या हिरड्यांचे दुखणे जुनेच होते. कारखान्यात निम्म्या लोकांना असते तसे. ब्रशला कधीमधी थोडे लाल लागायचे, थंड पाणी लागले की कळ यायची. त्या दुखण्याने वर्षानुवर्षे त्याच्याशी जमवून घेतले होते. आता मात्र ते उठून बसले. सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी व्हायचे. हिरड्या दातांपासून सुटायला लागल्या, दात लांब दिसायला लागले. जबडा उठल्या उठल्या असा आवळलेला असायचा, की पहिला घास घेताना कानाजवळ कट्ट वाजायचे. तोंडाला वास यायला लागला. बोलताना बायको जरा बाजूला तोंड करू लागली, आणि ते त्याला कळत होते. खालचा पुढचा एक दात जिभेने ढकलला तर हलत होता. जीभ मग दिवसभर तिथेच.

कामावर असताना तोंडात लोखंडाची चव यायची. त्याचे त्याला काही वाटत नसे. फुंकणी लोखंडाचीच, मग चव दुसरी कसली येणार?

शेवटी बायकोने त्याला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने हिरड्यांखालची घाण खरवडून काढली, रक्तातली साखर तपासली, ती चांगली निघाली. तंबाखू विचारली, ती तो कधी खात नव्हता. चूळ भरायचे औषध दिले, ब्रश कसा फिरवायचा ते दाखवले. त्याने सगळे मन लावून केले. पुन्हा गेला तेव्हा तिने तोंडात डोकावून बघितले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आधीपेक्षा वाईट होते.

तिने हातमोजे काढून ठेवले आणि स्टूल पुढे ओढले.

"काका, मी बाहेरून साफ करतेय आणि आतून काहीतरी बिघडवतंय," ती म्हणाली. "झोप येते का? कसला घोर लागलाय का जिवाला?"

तिने त्याला समजावून सांगितले. हा आजार हिरड्यांत दबा धरून असतो, अंगातली ताकद त्याला दाबून ठेवते. माणूस महिनोन्महिने काळजीत राहिला की ती ताकद तिकडेच खर्च होते, इकडे राखण कुणी उरत नाही. वर रात्रभर दात आवळले जातात, त्याने दातांची मुळे आणखी खिळखिळी होतात. औषध मी देईन, पण ते अर्धेच काम करील, म्हणाली.

बायको त्याच्याकडे बघत होती. आत्ता बोलेल, मग बोलेल, अशी वाट बघत होती.

"कसला घोर नाही," थोरला म्हणाला. "वय झालं."



इकडे धाकट्यानेही दोनदा विचारले होते, दादा, काय होतंय तुला. थोरल्याने दोन्ही वेळा त्याला उडवून लावले. धाकट्याकडे बघितले की मालकांची ती खुर्ची डोळ्यांपुढे यायची. म्हणून तो बघायचेच टाळायचा. फुंकणी द्यायची आणि पाठ फिरवून पुढचा गोळा उचलायला जायचे.

असे चालले असताना चिमट्याने काडी टाकली. मनात काही ठेवून नाही, चिमट्याला बोलायची सवयच होती. गप्प बसला तर त्याच्या पोटात दुखायचे. जेवणाच्या सुट्टीत तो थोरल्याशेजारी बसला आणि म्हणाला, "हल्ली तुमचा धाकटा साहेब झालाय. कमरेला फडकं बांधून येतो. फुंकणी पुसून घेतो आधी, मग तोंडाला लावतो. आमच्यासारख्या गरिबाला वाटलं, आता कपबशीसुद्धा मागवतोय की काय."

थोरल्याने हातातला घास डब्यात ठेवला.

"कुणाची फुंकणी?"

"आता कुणाची? माझ्या तोंडची तर तो घेत नाही." चिमटा हसला, आणि थोरल्याचा चेहरा बघून हसायचा थांबला. "जाऊ द्या. माझी बघण्यात चूक झाली असेल."

थोरल्याला ते खरे वाटले नाही. पण जेवण झाल्यावर त्याने गोळा उचलला, फुंकर मारली, फुंकणी दिली, आणि रोजच्यासारखी पाठ फिरवल्यासारखे करून मध्येच मान वळवली. धाकट्याने कमरेचे फडके ओढले होते. अंगठ्याने दाबून त्याने फुंकणीचे तोंड पुसले, गर्रकन एकदा फिरवून, सराईत हाताने. मग फुंकणी ओठांना लावली. म्हणजे आजची ही पहिली वेळ नव्हती.

थोरल्याच्या कानांत भट्टीचा आवाज येईनासा झाला. ज्याला हाताला धरून श्वास घ्यायला शिकवले, ज्याच्यासाठी आपण इतके महिने आतल्या आत जळतो आहोत, त्याला आपली किळस येते. बायकोने तोंड बाजूला केले ते त्याने गिळले होते. हे गिळवेना. धाकट्याला विचारावे असेही त्याच्या मनात आले नाही. त्यांच्या धंद्यात ही विचारायची गोष्टच नव्हती. फुंकणी पुसली, म्हणजे बोलून झाले.

त्याच दिवशी सुट्टी व्हायच्या आधी तो मालकांच्या खोलीत गेला. खुर्चीवर बसला नाही.

"चिमट्याला ठेवा," एवढेच म्हणाला.

मालकांनी मान वर केली. "भावाला काढू?"

"चिमटाही फुंकू शकतो. मी शिकवतो त्याला."

नवी कुंडी बसली त्या आठवड्यात मालकांनी धाकट्याला बोलावून सांगितले. काढायचे मालकांनी ठरवले, असेच त्याला वाटले, आणि थोरल्याने ते तसेच वाटू दिले. धाकटा बाकाजवळ आला, आपली हातोडी, लाकडी पळी, पाण्याची बाटली उचलली. कमरेचे फडके सोडून त्याची घडी केली आणि खिशात घातली. थोरला पाटावरची काचेच्या किरचा झाडत होता. तिथे झाडण्यासारखे काही राहिले नव्हते.

"दादा, तोंडाचं बघ काहीतरी," जाता जाता धाकटा म्हणाला. "अंगावर काढू नको."

थोरल्याला वाटले, जाता जाताही टोचून गेला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या बाकावर चिमटा बसला. त्याला आनंदही झाला होता आणि लाजही वाटत होती. दोन्हींमुळे तो जास्तच बडबडत होता. नवी बसवलेली जोडी कशी चालते ते बघायला मालक स्वतः आले होते. थोरल्याने गोळा उचलला. लाल, जड, मधासारखा. पाटावर फिरवला आणि फुंकर मारली. काच फुंकणाऱ्याचे डोळे सदा काचेवर असतात. गोळा फुगतो कसा, कुठे पातळ होतो, तिकडेच सगळा जीव. फुंकणीचे तोंडाकडचे टोक त्याने कधी बघितलेले नसते. बघायला वेळही नसतो. थोरल्याने फुंकणी चिमट्याकडे दिली.

चिमट्याने ती तोंडाजवळ नेली आणि तिथेच थांबला.

"अहो, हे काय," तो म्हणाला. "रक्त आहे याला."

थोरल्याने वळून बघितले. काळ्या लोखंडाच्या कडेला लाल लाळ लोंबत होती. थोडीथोडकी नाही. तिचा एक थेंब चिमट्याच्या वाकड्या बोटावर पडला होता. चिमटा कधी त्या बोटाकडे, कधी थोरल्याच्या तोंडाकडे बघत होता. आणि मग त्याची बडबड पहिल्यांदाच बंद झाली. कारण धाकटा फडक्याने काय पुसत होता, ते त्यालाही त्याच घटकेला कळले. फुंकणीच्या दुसऱ्या टोकाला गोळा काळवंडत गेला, लोंबला आणि खाली पडून फुटला.

मालकांनी थोरल्याला तोंड उघडायला लावले. मग भिंतीवरच्या काळ्या अक्षरांकडे बोट केले.

"केव्हापासून आहे हे?"

हिरड्या दुखतात हे थोरल्याला ठाऊक होते, पण फुंकणीला रक्त केव्हापासून लागते? त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हते. माहीत असलेला माणूस काल हातोडी घेऊन निघून गेला होता. थोरल्याने मालकांच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवले. धाकट्याला परत घ्या, मला काढा, म्हणाला. मालक रागावलेले नव्हते, थकलेले होते. ते म्हणाले, गोळा उचलणारा तू एकटा, आणि तुझं तोंड असं. धाकट्यानं फुंकायचं ते कुणी उचललेलं? चिमट्याने आपण शिकून घेऊ असे काहीतरी पुटपुटून बघितले. मालकांनी नकाराची मान हलवली, भट्टीचे ते तोंड बंद करायला सांगितले. संध्याकाळी नव्या कुंडीखालचा जाळ काढून घेतला. माती हळूहळू निवावी लागते, नाहीतर तडकते. ही तडकली. तो आवाज फाटकापर्यंत गेला.

थोरला तिथून घरी न जाता धाकट्याकडे गेला. भावजयीने दार उघडले. या भाऊजी, म्हणाली, पण बाजूला व्हायला तिने क्षणभर वेळ घेतला. धाकटा खाटेवर बसून पायाचे नख काढत होता. दादाला बघून त्याने जागा केली.

भट्टी बंद झाल्याचे थोरल्याने सांगितले. कशामुळे, तेही सांगितले. धाकट्याने मान खाली घातली.

"मला माहीत होतं कधीतरी दिसणार," तो म्हणाला. "चिमट्याला सांगून ठेवायला हवं होतं पुसून घे म्हणून. पण तो जगभर करेल, म्हणून नाही सांगितलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" धाकटा हसला. "तू सरळ मालकांसमोर जाऊन उभा राहिला असतास, माझ्या तोंडात रक्त आहे म्हणून. मी काय ओळखत नाही तुला? वाटलं, औषध चालू आहे, बरं होईल महिन्या-दोन महिन्यांत. तोवर मी पुसतो. पाठ फिरवलेली असायची तुझी. तुला कळणार नाही याची खात्री होती."

भावजयीने पाणी आणून ठेवले. पेला जुना होता, धाकट्याने पहिल्यांदा फुंकलेला. एका बाजूला पोट आलेला, बुडाला जाड. त्या दिवशी थोरला तो सगळ्या कारखान्याला दाखवत फिरला होता. धाकट्याने दोन घोट घेतले आणि पेला दादापुढे केला. लहानपणापासून दोघे असेच पीत आले होते. थोरल्याने त्याच कडेला ओठ लावले. पाणी प्यायला. पेल्यात उरलेल्या पाण्यात एक लालसर धागा तरंगला आणि विरघळला. धाकट्याने तो बघितला आणि पेला परत घेण्यासाठी हात पुढे केला.

थोरल्याला इथे गप्प बसता आले असते. मालकांनी काढले एवढेच धाकट्याला ठाऊक होते. मालक सांगणार नव्हते, चिमट्याला माहीत नव्हते. जबडा आपोआप आवळला जात होता, हलणारा दात शेजारच्या दातावर घासत होता. तीन महिने तो असाच गप्प बसला होता.

"तुझं नाव मी दिलं," तो म्हणाला.

धाकट्याला कळले नाही. थोरल्याने पहिल्यापासून सांगितले. खुर्ची, मालकांचे बोलणे, रोज घेतलेले नाव आणि खोडलेले नाव. मग चिमट्याचे बोलणे, मग फडके. सांगताना त्याने काही राखून ठेवले नाही आणि स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही. भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मध्येच कधीतरी ती आत निघून गेली.

धाकटा पेला हातात फिरवत बसला.

"विचारायचं होतंस," तो म्हणाला. "एकदा विचारायचं होतंस, दादा."

त्याला तहान लागली होती की हाताला काही काम हवे होते, कोण जाणे. त्याने हातातला पेला वर केला. ओठांपर्यंत नेला, थांबवला, आणि सदऱ्याचे टोक धरून त्याची कड पुसली. सावकाश, सगळीकडून, थोरल्याच्या डोळ्यांदेखत. मग पाणी प्यायला.

थोरला उठला. चपला घालताना त्याला कुणी थांबवले नाही.

उन्हाळ्यात बायकोने त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेले. खालचे पुढचे तीन दात तोवर गेले होते. डॉक्टरने आरसा तोंडात फिरवला, हिरड्यांना सुई लावून बघितली. रक्त आले नाही. तिला फार बरे वाटले. झोप लागते का म्हणून विचारले. लागते, तो म्हणाला. खरेच लागत होती, पडल्या पडल्या. दात वाजायचे बंद झाले होते.

"बघा, मी म्हटलं होतं ना," डॉक्टर बायकोकडे बघून म्हणाली. "काळजी मिटली वाटतं काकांची."

बायकोने खाली बघितले. थोरल्याने चूळ भरली आणि भांड्यात थुंकला. पाणी स्वच्छ होते.